हिमालयनचे टायर जर्मनीहून मागवून घरीच बसवायचे तर

माझी गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन, ४११ सीसीची जुनी. राहते आयर्लंडमध्ये, कॉर्कला. चारचाकीचे टायर बदलून देणारी दुकानं इथे हवी तेवढी आहेत, पण तारांचं २१ इंची चाक घेऊन गेलं की "मागवून देतो" असं उत्तर येतं. कुठल्या कंपनीचा येणार, कधी बनलेला येणार, हे आपल्या हातात राहत नाही. वर बसवणावळ वेगळी. म्हणून मी टायर जर्मनीतल्या ऑनलाइन दुकानातून मागवते आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बसवते. खरेदीचा भाग युरोपात राहणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. बसवण्याचा भाग सांगली-साताऱ्यातही तसाच्या तसा चालेल.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टायर बसवायला ताकद लागत नाही. बायकांना हे जमणार नाही असं मला पुष्कळ जणांनी ऐकवलंय, आणि ते साफ खोटं आहे. जिथे जोर लावावासा वाटतो, तिथे कुठेतरी बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी आतली कडा, जागेवरून सुटलेली असते. हात थांबवायचा, ती परत जागी घालायची, आणि मग पुढे जायचं.

पैसे भरण्याआधी काय वाचायचं

४११ ला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७ लागतो. नव्या ४५० ला पुढचा तोच आहे, पण मागचा १४०/८० आर १७. ऑनलाइन दुकानात नुसतं 'हिमालयन' निवडलं तर कुठल्या गाडीची यादी समोर येईल याचा भरवसा नसतो. आपल्या चालू टायरच्या कडेवरचा आकडा बघूनच निवडा.

पहिला ९० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा ९० म्हणजे त्या रुंदीच्या ९० टक्के उंची, म्हणजे ८१ मिलिमीटर, आणि २१ हा रिमचा व्यास इंचांत. मधे नुसती आडवी रेघ असेल तर टायर बायस प्लायचा (आतले धाग्यांचे थर तिरपे), 'आर' असेल तर रेडियल (थर आडवे, कडेपासून कडेपर्यंत). पुढे एक आणि मागे दुसरा अशी मनाने जोडी लावू नका. गाडी बनवणाऱ्याने किंवा टायर कंपनीने ती जोडी सांगितली असेल तरच लावा.

आकारानंतर येतो भार आणि वेग. माझ्याकडे हायडेनाऊचा के६० आहे, ड्रेस्डेनजवळच्या हायडेनाऊ गावातल्या कारखान्याचा. पुढच्यावर ५४टी, मागच्यावर ६४टी. ५४ म्हणजे २१२ किलो, ६४ म्हणजे २८० किलो. 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. 'एस' १८०, 'एच' २१०. मॅन्युअलमध्ये दिलेल्यापेक्षा भाराचा आकडा कमी असलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या लावून आपण जातो, तो सगळा भार त्या एका आकड्यावर असतो.

मग टीटी की टीएल. टीटी म्हणजे ट्यूबचा, टीएल म्हणजे ट्यूबलेस. ४११ च्या चाकाला तारा आहेत आणि तारांच्या गोट्या (तार आवळायचे नट, निपल) रिमला आरपार भोकं पाडून बसवलेल्या आहेत, म्हणजे तिथून हवा जाणारच. ट्यूब हवीच. टीएल टायरही आत ट्यूब घालून वापरता येतो, कंपनी तशी परवानगी देत असेल तर. फक्त त्याची बीड जास्त ताठ असते आणि रिमवरून सोडवायला जड जाते. पहिल्यांदा घरी बसवणार असाल तर टीटी घ्या.

युरोपात रस्त्यावर चालवायच्या टायरवर गोलात 'ई' आणि शेजारी आकडा असतो. तो मंजुरी देणाऱ्या देशाचा: ई१ जर्मनी, ई४ नेदरलँड्स, ई२४ आयर्लंड. हा शिक्का नसलेले टायर निव्वळ मातीतल्या शर्यतीचे असतात.

आणि तारीख. 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२३ असेल तर २०२३ सालचा ३५वा आठवडा. ही पूर्ण ओळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते, म्हणून एका बाजूला दिसली नाही तर उलटवून बघा. जर्मन टायर व्यापारात नीट साठवलेला टायर तीन वर्षांपर्यंत नवाकोराच धरतात. पण आमच्यासारखे वर्षाला थोडंच चालवणारे एक जोडी बरीच वर्षं वापरतात, नक्षी झिजण्याआधी रबर म्हातारं होतं. म्हणून मी ऑर्डर देण्याआधी दुकानाला ईमेल करून तारीख विचारते. बहुतेक जण सरळ सांगतात. जे टाळाटाळ करतात त्यांच्याकडून मी घेत नाही.

टायरबरोबर नवीन ट्यूब आणि रिमवरचा पट्टा हेही त्याच ऑर्डरमध्ये मागवा. ट्यूबवर ती कुठल्या कुठल्या आकारांना चालते ते छापलेलं असतं. वॉल्व्ह सरळ धातूचा, टीआर४ प्रकारचा बघा. जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घालू नका. ती जुन्या टायरच्या मापाने ताणलेली असते, नव्यात तिला घडी पडते, आणि घडी पडते तिथेच ती फाटते.

कुठून, आणि एकूण किती

जर्मनीतून आयर्लंडला माल आला तर कस्टम नाही, दोन्ही देश युरोपीय संघात आहेत. व्हॅट मात्र बदलतो. जर्मनीत तो १९ टक्के, इथे २३. जुलै २०२१ पासून मोठ्या दुकानांना ग्राहकाच्या देशाचा दर लावावा लागतो, म्हणून पत्त्यात आयर्लंड निवडलं की किंमत थोडी वर सरकते. ही फसवणूक नाही. तुलना करायची ती पत्ता भरल्यानंतरच्या, पाठवणावळ धरलेल्या किमतीची.

इंग्लंडचं गणित वेगळं आहे. १ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनहून येणाऱ्या मालावर इथे व्हॅट भरावा लागतो, वर कुरियर कंपनी स्वतःचा हाताळणीचा आकार लावते. शिवाय टायर थायलंड किंवा चीनमध्ये बनलेला असेल तर तो इंग्लंडच्या गोदामातून निघाला म्हणून ब्रिटिश माल ठरत नाही, आणि सीमाशुल्कही लागू होऊ शकतं. उत्तर आयर्लंडमधून आणलेल्या मालाला हा त्रास नाही.

ऑनलाइन खरेदीला युरोपीय संघात १४ दिवसांत परत करण्याचा हक्क आहे, पण टायर रिमवर चढवला की विषय संपला. परत पाठवायचा खर्चही बहुधा आपलाच. म्हणून टायर आल्याबरोबर, हत्यारं काढण्याआधी, उजेडात बसून तो पूर्ण तपासा. टायर खोक्यात येत नाहीत; दोन टायर पट्ट्यांनी आवळून, वरून पत्त्याचं लेबल चिकटवून दाराशी येतात. आकार, भार, तारीख वाचा. मग आतल्या कडेवरून चहूबाजूंनी बोट फिरवा. ही कडा म्हणजेच बीड, हिच्या आत पोलादी तार असते. पट्टीने आवळल्यामुळे टायर लंबगोल झालेला असेल तर काळजी नाही, उबेत उभा ठेवला की सरळ होतो. पण बीडला कुठे टोकदार मोड आलेली असेल, तार वाकलेली जाणवत असेल, तर फोटो काढून त्याच दिवशी दुकानाला कळवा. असा टायर बसवू नका.

माझा भाऊ पुण्याला असतो. तो मला म्हणतो, "ताई, मला पण तिथून एक जोडी पाठव ना." पाठवता येत नाही. भारत सरकारने १२ जून २०२० च्या अधिसूचनेने मोटरसायकलच्या नव्या टायरची आयात खुल्या यादीतून काढून निर्बंधित केली, म्हणजे परवाना लागतो. शिवाय टायरवर आयएसआयची खूण बंधनकारक आहे, युरोपातला 'ई' तिथे पुरत नाही. तेव्हा भारतात राहणाऱ्यांनी परदेशी टायर घ्यायचा तर तो रीतसर आणणाऱ्या विक्रेत्याकडून, आयएसआय आणि तारीख दोन्ही बघून घ्यावा. आयात झालेला टायर गोदामात बराच काळ पडून राहिलेला असू शकतो, म्हणून तारखेवर माझा दुप्पट भर.

हत्यारं

तीन टायर पट्ट्या (बीड उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, टायर लिव्हर), गोलसर कडांच्या, वीतभरापेक्षा थोड्या लांब. फार लांब घेऊ नका. लांब पट्टीने जोर जास्त मिळतो आणि तोच ट्यूब चिमटतो. रिमला ओरखडे पडू नयेत म्हणून प्लॅस्टिकची खापं मिळतात, नाहीतर जाड पाण्याचा पाइप उभा चिरून त्याचे तुकडे घ्या. वॉल्व्हची पिन काढायची किल्ली, टॉर्क पाना (नट ठरलेल्या जोराएवढाच आवळता येतो असा), हवेचा पंप आणि त्यावर भरवशाचा मीटर. टायर कंपन्यांचं बसवायचं वंगण मिळतं, ते उत्तम. भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात कालवूनही चालतो, पण नंतर रिम पुसून घ्या, तो धातूला गंज चढवू शकतो. इंजिन ऑइल, ग्रीस, चेनचा स्प्रे यांतलं काहीही रबराला लावायचं नाही. आणि ट्यूबसाठी टाल्कम पावडर.

चाक आडवं ठेवायला चारचाकीचा जुना टायर घ्या. तो जमिनीवर टाकून त्यावर चाक ठेवलं की ब्रेकची डिस्क अधांतरी राहते. नुसत्या फरशीवर ठेवून काम केलं तर सगळा भार डिस्कवर येतो आणि ती वाकते.

थंडीत कॉर्कला गॅरेजमध्ये पाच-सहा अंश असतात, रबर लाकडासारखं ताठ होतं. आदल्या रात्री टायर घरात रेडिएटरशेजारी ठेवा. आयरिश घरांत गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात त्याला. त्यात मावला तर फारच छान. उबदार टायर आणि गार टायर यांत अर्ध्या मेहनतीचा फरक पडतो.

चाक काढणं

एका वेळी एकच चाक. मागच्यासाठी गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढच्यासाठी इंजिनखालच्या पत्र्याला जॅक लावा. एक्सलचा नट मात्र गाडी चाकांवर भक्कम उभी असतानाच थोडा सैल करून घ्या. चेन ॲडजस्टरच्या खुणा, बुश, वायसर, कुठली बाजू कुठे, सगळ्याचे फोटो काढा. डाव्या-उजव्या बाजूचे बुश सारखे नसतात. एबीएसच्या सेन्सरची तार ताणली जाऊ देऊ नका. चाक निघालं की कॅलिपरच्या दोन पॅडमध्ये जाड पुठ्ठा सारून ठेवा, म्हणजे चुकून ब्रेक दाबला गेला तरी पॅड एकमेकांना चिकटणार नाहीत.

जुना टायर उतरवणं

वॉल्व्हची पिन पूर्ण काढा, नुसती हवा सोडणं पुरत नाही. वॉल्व्हचा नटही काढा. आता बीड रिमपासून सोडवायची. बीड ब्रेकर नावाचं हत्यार मिळतं. ते नसेल तर मोठा जी-क्लँप घ्या. रिमला लागून टायरच्या कडेवर दाबत चहूकडे फिरायचं, दोन्ही बाजूंनी. जुन्या, कडक झालेल्या टायरला इथे वेळ लागतो. साबणाचं पाणी फटीत जिरू द्या आणि पुन्हा दाबा.

यानंतर जे आहे ते समजलं की पुढचं सगळं समजलं. रिमच्या मधोमध एक खोलगट खोबण असते. बीडमध्ये पोलादी तार आहे, ती ताणत नाही. आणि रिमची बाहेरची कड बीडच्या वर्तुळापेक्षा मोठी असते. मग ताणत नसलेलं लहान वर्तुळ मोठ्या कडेवरून जाणार कसं? कासार बांगडी भरतो तसं. बांगडी ताणत नाही, तो हात आवळून लहान करतो. इथे एका बाजूची बीड खोबणीत ढकलली की तिथे तिला ढिलाई मिळते, आणि तेवढीच ढिलाई समोरच्या बाजूला कडेवरून उतरायला पुरते. बीड खोबणीत नसेल तर पहिलवानही ती उतरवू शकणार नाही. उतरवली तर तार तुटलेली असेल किंवा रिम वाकलेली.

वॉल्व्हच्या जागी खोबणीत वॉल्व्ह उभा असतो, तिथे बीड खाली जाऊ शकत नाही. म्हणून पट्ट्या वॉल्व्हच्या बाजूला लावायच्या आणि त्याच्या बरोबर समोर गुडघ्याने बीड खोबणीत दाबून धरायची. पहिली पट्टी लावा, तिच्यापासून तीन-चार बोटांवर दुसरी, मग तिसरी. एका वेळी थोडंच घ्या. एक बाजू बाहेर आली की ट्यूब ओढून काढा, मग दुसरी बीडही त्याच कडेवरून काढून टायर मोकळा करा.

रिम उघडी झाली की आतला पट्टा काढून बघा. तारांची टोकं गोटीतून वर आली आहेत का, गंज धरलाय का, हे बघायची ही एकच संधी असते. वर आलेलं टोक कानशीने घासून सपाट करा. पोलिश पेपरने गंज काढा, कोरड्या फडक्याने पुसा, नवीन पट्टा चढवा.

नवा टायर चढवणं

टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. काही टायरना पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा, असे दोन बाण असतात, शब्द वाचून घ्या. कडेवर रंगाचा ठिपका असेल तर ती टायरची हलकी जागा, ती वॉल्व्हपाशी आणा.

दोन्ही बीडना वंगण लावा. पहिली बीड बहुतेक हातानेच चढते. ट्यूबला पावडर चोळून आकार येण्यापुरतीच हवा भरा, जास्त नाही. एवढी हवा असली की ती पट्टीखाली लोळत नाही. वॉल्व्ह भोकातून बाहेर काढून नटाचे दोन-तीनच आटे फिरवा. ट्यूबला कुठे पीळ नाही ना, हात आत घालून पूर्ण फेरी मारा.

दुसरी बीड वॉल्व्हच्या समोरून सुरू करा. दोन्ही गुडघे टेकवून ती खोबणीत ठेवा आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडून पुढे सरका. अर्ध्यापेक्षा जास्त भाग पट्टीशिवाय जातो. शेवटचा टप्पा वॉल्व्हपाशी येईल असं बघा. पट्टी लावताना टोक फक्त रिमच्या कडेत अडकेल एवढंच आत घाला. खोल गेलं की ट्यूब सापडते. दर वेळी तीन-चार सेंटिमीटर. शेवटचा तुकडा घेण्याआधी वॉल्व्ह बोटाने आत ढकला, म्हणजे त्याच्या बुडाशी असलेला ट्यूबचा जाड भाग बीडखाली अडकणार नाही. इथेच सगळे जोर लावतात. शेवटचा वीतभर भाग ताठ झाला की पट्टी सोडा, समोर जा, बीड खोबणीतून वर सरकलेली दिसेलच. पुन्हा खाली दाबा, थोडं वंगण लावा, परत या. बीड टपकन आत जाते.

आता हवा. ४० पीएसआयच्या आसपास भरा, टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या वर कधीही नाही. बीड जागेवर बसताना फटकन आवाज येतो, बोटं रिमपासून लांब ठेवा. रिमला समांतर एक बारीक रेघ टायरवर असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत बुडालेली दिसली तर हवा सोडा, तिथे वंगण लावा, पुन्हा भरा. नीट बसल्यावर सगळी हवा एकदा सोडून द्या आणि मग मॅन्युअलमधल्या दाबाला भरा. या सोडण्या-भरण्यात ट्यूबच्या घड्या सुटतात. वॉल्व्हचा नट रिमला आवळू नका, वर टोपीला टेकवून ठेवा. ट्यूब आत सरकायला लागली तर वॉल्व्ह तिरका झालेला लगेच दिसतो. नट रिमला आवळलेला असेल तर काही दिसत नाही, आणि एक दिवस वॉल्व्ह बुडातून तुटतो.

बॅलन्सिंग घरी होतं. एक्सल दोन उंच ठोकळ्यांवर ठेवून चाक मोकळं फिरू द्या. जड बाजू दर वेळी खाली येऊन थांबते. तिच्या समोर तारेला बसणारी वजनं पाच-पाच ग्रॅमने वाढवत जा, चाक कुठेही थांबायला लागेपर्यंत.

परत गाडीवर

एक्सलला ग्रीसचा पातळ हात, बुश फोटोप्रमाणे, चेनचा ताण मॅन्युअलप्रमाणे, दोन्हीकडच्या खुणा सारख्या, नट टॉर्क पान्याने. पुढच्या चाकाचे एक्सल पकडणारे बोल्ट आवळण्याआधी गाडी जॅकवरून उतरवून, ब्रेक धरून फोर्क दोन-तीनदा दाबा, म्हणजे तो आपल्या जागी बसतो. कॅलिपरमधला पुठ्ठा काढा. आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर आणि पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पॅड मागे गेलेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. गॅरेजच्या दारातून उतार असेल तर हे विसरणं जिवावर बेतेल.

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर वळणात फार झुकू नका, जोरात ब्रेक मारू नका, ओल्या रस्त्यावर तर मुळीच नाही. आणि आयर्लंडमध्ये रस्ता ओलाच असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, हवा पुन्हा मोजा. दोन-तीन पीएसआयपेक्षा जास्त उतरली असेल तर ट्यूब चिमटली आहे असं समजून चाक परत काढा, उद्यावर टाकू नका. दोनशे किलोमीटरनंतर वॉल्व्ह सरळ आहे का, चेन सैल झाली का, एक्सलचा टॉर्क तेवढाच आहे का हे बघा, आणि पान्याने प्रत्येक तारेवर हलकं वाजवत फिरा. बद्द आवाज येणारी तार ढिली, तिची गोटी पाव फेरा आवळा.

जुने टायर कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरमध्ये घेतात का, किती घेतात, हे फोन करून विचारून मगच घेऊन जा. नियम जागोजागी वेगळे आहेत. जुनी ट्यूब शाबूत असेल तर हवा काढून, पावडर लावून, गुंडाळून सीटखाली ठेवा. शेजारच्या केरी परगण्याच्या डोंगरात रविवारी संध्याकाळी पंक्चर झालं तर तीच उपयोगी पडते.